सहापैकी एक

त्या दिवशी यादीत एकच नाव उरलं होतं:
सिग्रिड, वय बहात्तर, गाव गोटलंड नावाचं बेट.
बाकीच्या अकराजणांना आदल्या रात्रीच्या तांबड्या रश्श्यानं
हॉटेलातच झोपवलं होतं.
"एकटीसाठी डिझेल जाळायचं व्हय, मॅडम?" इलाही म्हणाला.
"पैसे भरलेत तिनं. चल."

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये
मी नेहमीचं पाठांतर सुरू केलं.
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला हा काशाचा छोटा देव,
परदेशातला, समुद्राचा.
इथं मी थांबते. मग म्हणते,
"आणि कोल्हापूरला तर समुद्रच नाही!"
लोक हसतात.
ती हसली नाही. काचेला नाक लावून म्हणाली,
"ज्यानं आणला, तो माणूस परत गेला का?"
नऊ वर्षं सांगतेय मी हे.
हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढं पन्हाळा होता.
पण एका वाडीच्या वळणावर तिनं इलाहीचा खांदाच धरला.
केरबा तात्यांच्या गोठ्यापाशी तीन वीरगळ:
एकाला म्हैस बांधलेली,
एकावर पोती वाळत घातलेली,
तिसरा तेल पिऊन पिऊन काळा.

मी सांगू लागले, खालच्या चौकटीत लढाई,
बहुतेक गाई सोडवताना.
मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात.
वर तो पिंडीपुढं बसलाय,
टोकाला चंद्र-सूर्य.

ती गुडघा धरत शेणातच बसली,
बोट अप्सरेच्या मनगटावरून फिरवलं.
"आमच्या दगडांवर ही एकटीच असते.
हातात शिंग, शिंगात दारू.
घोड्यावरून येतो त्याला म्हणते, आलास?
आणि खाली, तुमचं दावं आहे ना, तिथं जहाज."

"काय म्हणत्यात बाई?" तात्या.
"त्यांच्याकडं बी असले दगड हायत.
व्हायकिंग म्हणून होते, होड्या घेऊन जायचे,
लढायचे, लुटायचे."
"आन् म्हशी?"
"म्हशींचं इचारलं न्हाई."

तिला नाव हवं होतं. या माणसाचं नाव.
"नाव कशाला? म्हातारबा म्हंतो आमी.
माज्या बानं तेल घातलं, मी घालतोय.
पोरगं पुन्याला अस्तंय, ते घालंल का न्हाई,
ते ह्यालाच ठावं."
मी भाषांतर केलं. पोराचं वाक्य गाळलं.

ती म्हणाली, आमच्याकडं नावं खोदलेली असतात.
अमक्यानं भावासाठी दगड उभा केला,
भाऊ पूर्वेला गेला, तिकडंच राहिला.
तेल नाही घालत कुणी.
गवत कापतात. नगरपालिका कापते.

जहाज म्हणाली तेव्हापासून
माझं लक्ष नव्हतं खरं तर.
एकोणीस सालचा ऑगस्ट, शाहूपुरी,
पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागलेली रबरी होडी.
आप्पांनी इन्सुलिनचा डबा उराशी धरलेला,
आणि नुकती मिशी फुटलेला एक जवान
दोन्ही हात पुढं करून म्हणत होता, "या, या."
तेवढंच मराठी त्याला येत असावं.
शिरोलीच्या बाजूला सोडलं त्यानं आम्हांला
आणि होडी फिरवली.
नाव विचारायचं राहिलं.

तात्या आतून तेलाची बुधली घेऊन आले.
"आज अमावास्या न्हाई,
पर पाव्हणी लांबनं आलीया."
तिचा हात कापत होता. तेल पिंडीवर पडलं,
अप्सरांच्या पायांवरून घसरलं
आणि लढाईत जाऊन थांबलं.
म्हशीनं ते हुंगलं.
मग आम्ही पांढरा रस्सा प्यायलो.
ती तीन वाट्या प्यायली, काही झालं नाही तिला.

संध्याकाळी ऑफिसात रजिस्टर भरलं.
पर्यटक: एक. पाहिलेली ठिकाणं: सहापैकी एक.
कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं.
इलाही खांद्यावरून डोकावला,
"ल्हिवा की, गाडी पंक्चर."
तेच लिहिलं.

सीटवरचा शेणाचा डाग
त्यानं दोनदा धुतला.